मी बिडी सोडली त्याची गोष्ट

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. बिडी ओढणारा मात्र चौथा. आबा ओढत होते, थोरले चुलते ओढत होते, आण्णा अजून ओढतात. दहावीच्या पुढचे पुस्तक आमच्या घरात यायला माझी वाट पाहावी लागली. बिडीला तशी कोणाची वाट पाहावी लागली नाही.

मराठीच्या सरांनी वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्यायला सांगितले, तेव्हा मी आधी 'आमचे धरण' या विषयावर लिहायला बसलो होतो. माकणीचा मुलगा म्हटला की तो धरणावरच लिहिणार! तेरणा नदी, निम्न तेरणा प्रकल्प, पावसाळ्यात दारे उघडली की होणारी गर्दी... चार ओळी झाल्या आणि पेन थांबले. कारण त्या भिंतीकडे पाहिले की मला पाणी आठवत नाही, तिच्या आडोशाला बसून ओढलेल्या बिड्या आठवतात. दुसऱ्या दिवशी सरांना विचारले, "सर, बिडीवर लिहू का?" सर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "लिही. पण खरे लिही." आता खरे लिहायचे म्हटल्यावर त्यात माझी लबाडीही आलीच. ती वाचकांनी शेवटपर्यंत सोसावी.

बिडीची आणि माझी ओळख चुलीपाशी झाली. आण्णा जेवून ओट्यावर टेकले की हाक मारीत, "आरं, एवढी पेटवून आण." मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बिडीचा स्वभाव मोठा विचित्र आहे. सिगारेट एकदा पेटवून ठेवली की आपली आपण जळत राहते. बिडी दम मारला नाही तर विझते. चुलीपासून ओट्यापर्यंत अंगण ओलांडायचे, वाऱ्यात ती विझू द्यायची नाही, मग वाटेत एक झुरका मारावाच लागे. पहिल्यांदा ठसका लागला तेव्हा आई हसली होती. आई स्वतः सकाळी मिश्री लावते, तेव्हा तिला त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते.

आण्णांनी बिडी कधी धरली हे मात्र त्यांना तारखेनिशी सांगता येते. गावात पुष्कळांना पुष्कळ गोष्टी त्या तारखेपासून मोजायची सवय आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक थकून झोपले होते आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. किल्लारीचा भूकंप असे सारे जग त्याला म्हणते. पण किल्लारी काय, सास्तूर काय, माकणी काय, दगडमातीच्या भिंती सगळीकडे सारख्याच जाड होत्या आणि सारख्याच अंगावर आल्या. लातूर-उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. आण्णा तेव्हा सतरा वर्षांचे होते. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर रात्री कोणाला झोप येईना. जमीन अधूनमधून हलायची, पत्रे वाजायचे. आण्णा आणि त्यांच्या वारगीची चार पोरे बाहेर शेकोटी करून बसत. तिथे कोणीतरी बिडी पुढे केली. "भ्या वाटायचं बंद झालं का?" मी एकदा विचारले. आण्णा म्हणाले, "भ्या तसंच हुतं. पर हाताला काम लागलं."

मला असले काही कारण नव्हते. माझ्यावर भूकंप आला नाही. मी नववीत असताना सोयाबीनच्या मळणीला रात्री यंत्रापाशी बसलो होतो, मोठ्या पोरांनी एक बिडी पाच जणांत फिरवली, आणि आपल्या हातात ती आली म्हणजे आपण मोठ्यांत जमा झालो असे वाटले. एवढेच. बारावीपर्यंत रोजचे अर्धे बंडल झाले. महाविद्यालयात आल्यावर आणखी एक भानगड झाली. एस.टी.तून उतरल्यावर टपरीपाशी शहरातली पोरे सिगारेट ओढत. कॉलेजचा विद्यार्थी बिडी ओढतो हे मला कमीपणाचे वाटू लागले. मग तिथे एक सिगारेट विकत घ्यायची, ती शर्टाच्या खिशात दिसेल अशी ठेवायची, आणि खरी तलफ आली की स्टँडच्या मागे जाऊन बिडी ओढायची! बापाच्या पैशाने मी दोन दोन जातींचा धूर ओढत होतो. शिकून माणूस सुधारतो असे आबा म्हणत. हे त्यांनी पाहिले नाही ते बरे झाले.

हे कळायला धावावे लागले. आमच्या भागात पोलीस भरतीचे वेड किती आहे हे वाचकांना सांगायला नको. पहाटे कुठल्याही गावच्या डांबरी रस्त्याला लागा, अंधारात बूट वाजताना ऐकू येतात. मुलांना सोळाशे मीटर धावावे लागते आणि पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत आले तरच वीसपैकी वीस गुण. आमच्या गावात आम्हांला धावायला लावणारा एक जण आहे. त्याला आम्ही मेजर म्हणतो. लष्करात जाण्याची त्याची फार इच्छा होती, ती उंचीत हुकली. जून २०२४ मध्ये तो पावसात भरतीच्या मैदानावर धावून आला आणि थोड्या सेकंदांनी मागे राहिला. घरी आल्यावर त्याने खिशातल्या गुटख्याच्या पुड्या आमच्यासमोर दगडावर मांडल्या आणि म्हणाला, "ही ती सेकंदं." राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. त्या पुड्यांना हे कोणी सांगितले नसावे.

त्याच्याबरोबर आम्ही चौघे धावू लागलो. एक टेलरचा मुलगा, एक मास्तरांचा पुतण्या, एक अकरावीतला, ज्याला सगळे बारक्या म्हणत, आणि मी. पहिल्या दिवशी माझी वेळ सात मिनिटे बावीस सेकंद आली आणि त्यानंतर दहा मिनिटे मी रस्त्याच्या कडेला वाकून खोकत होतो. मेजर घड्याळ धरून उभा होता. काही बोलला नाही. मी कला शाखेचा, मला रक्ताचे फारसे कळत नाही. पण पुढे वाचले की धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातल्या लाल पेशींना प्राणवायूपेक्षा दोनशेपट जोराने चिकटतो. म्हणजे मी धावत होतो ते अर्धवट भरलेल्या गाडीसारखा नव्हे, चुकीचा माल भरलेल्या गाडीसारखा.

बिडीच्या बंडलावर एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारने तो ठेवला आहे आणि २०१८ पासून तो पाकिटांवर छापतात. आम्ही पाचही जणांनी ती बंडले आणि पुड्या शेकड्याने फोडल्या असतील, पण नंबर कोणी वाचला नव्हता. मेजरने तो फिरवला. पलीकडून पहिली गोष्ट सांगितली ती अशी की आधी दिवस ठरवा. आम्ही २०२४ च्या दिवाळीचा पाडवा ठरवला.

भूकंपात पडलेल्या एका वाड्याची एकच भिंत धरणाकडच्या वाटेवर उभी आहे. तिच्या मागे बसून आम्ही ओढत असू, म्हणून तिलाच साक्षी ठेवले. नियम तीन. रोज पहाटे धावण्याआधी प्रत्येकाने सगळ्यांदेखत सांगायचे, काल ओढली की नाही. नसेल ओढली तर कोळशाने आपल्या नावाखाली एक रेघ. ओढली असेल तर तसे सांगायचे आणि आपल्या साऱ्या रेघा आपल्या हाताने पुसायच्या, पुन्हा पहिलीपासून सुरुवात. कोणी कोणाला हसायचे नाही. आणि तलफ आली की, रात्री असो की दुपारी, दुसऱ्याला हाक मारायची. तलफ पाच-दहा मिनिटांची पाहुणी असते, तेवढी काढली की ती जाते, हे फोनवरच्या बाईंनी सांगितले होते.

पहिले तीन-चार दिवस कसे गेले ते लिहावे तितके थोडेच. डोके ठणकत होते. इतिहासाचे एक पान मी सहा वेळा वाचले आणि सहाही वेळा पेशवे तिथल्या तिथेच राहिले. भाकरी करपली म्हणून आईवर ओरडलो, ती म्हणाली, "वढ बाबा एकदाची, पर घरात असं वागू नगंस." आणि सगळ्यात मोठी अडचण, जी कोणत्याही पुस्तकात लिहिलेली मी पाहिली नाही, ती सकाळची! ज्यांना बिडीची सवय आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. इतरांनी वडीलधाऱ्यांना विचारावे. तिसऱ्या दिवशी हे भिंतीपाशी लाजत सांगितले तर टेलरचा मुलगा म्हणाला, "मला वाटलं माझंच तेवढं झालंय." हसायचे नाही हा नियम त्या दिवशी पाचही जणांनी मोडला. मास्तरांच्या पुतण्याने गरम पाण्याचा उपाय काढला. एखाद्या डॉक्टरांनी हाच उपाय सांगितला असता तर मी ऐकला असता की नाही, सांगता येत नाही. पण तो त्याच दुखण्यातून गेलेल्या पोराने सांगितला होता.

आण्णांचे मामा माळकरी आहेत. त्यांना मी आमच्या रेघांविषयी सांगितले. ते तरुणपणी चिलीम ओढत, आणि पंढरपुरात माळ घातली त्या दिवसापासून सुटली ती सुटली. मी म्हणालो, "मामा, पांडुरंगानं सोडवली." ते म्हणाले, "पांडुरंग तर हायच. पर गळ्यात माळ दिसती नव्हं. मानूस चिलमीपाशी बसला की शंभर डोळं बगत्यात." आमच्याकडे माळ नव्हती. भिंत होती आणि आठ डोळे होते.

पण डोळे चुकवता येतात. मी चुकवले.

एक्केचाळीस रेघा झाल्यावर मावसबहिणीच्या लग्नाला सोलापूरला गेलो होतो. मावशीच्या गल्लीत दारोदार बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. तेंदूचे पान कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू, वळायची, दोऱ्याने बांधायची. हजारावर मजुरी. बोलताना त्यांचे हातांकडे लक्षही नव्हते. याच शहराजवळ कुंभारीला २००६ साली विडी कामगार बायकांची दहा हजार घरे उभी राहिली, हे मला सरांकडून ठाऊक होते. दहा हजार घरे! आपण एक बिडी विझवतो तेव्हा कोणाच्या तरी चुलीतले लाकूड ओढतो की काय, असा एक विचार मनात आला. त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. मात्र त्या वेळी तो विचार मला फार सोयीचा पडला हे कबूल केले पाहिजे, कारण त्याच रात्री मांडवामागे चुलतभावांनी बंडल काढले आणि मी दोन ओढल्या.

गावी परतलो. पहाटे भिंतीपाशी उभा राहिलो. मेजरने विचारले, "काल?" मी म्हणालो, "न्हाई." आणि बेचाळिसावी रेघ ओढली.

पुढे एकोणीस दिवस मी रेघा ओढत होतो आणि अधूनमधून बिड्याही. आता ती एकट्याने ओढावी लागे, गोठ्यामागे, घाईघाईने. मळणीच्या रात्री जिला चव होती ती ही बिडी नव्हतीच. तरी सोडवत नव्हती. साठ रेघा झाल्या. पाचांत माझ्या रेघा सगळ्यांत जास्त होत्या आणि पोरे मला मान देऊ लागली होती. कॉलेजचा पोरगा, मनाचा घट्ट, वगैरे.

त्या दिवशी थंडी होती. बारक्या उशिरा आला. त्याच्या बावन्न रेघा होत्या. काही न बोलता तो भिंतीपाशी गेला आणि शर्टाच्या बाहीने पुसू लागला. कोळसा लवकर जात नाही. तो पुसत होता आणि रडत होता. आदल्या दिवशी ऊसतोडीच्या टोळीबरोबर एकच ओढली होती त्याने. एकच. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, तुझ्यासारकं जमंना मला."

मी त्या वेळी बोलायला हवे होते. बोललो नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवून, "पुन्हा लाग," असे म्हणालो! त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. धावण्यात त्या दिवशी माझा पाय उचलला नाही. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे जमायच्या आत जाऊन पुसून टाकाव्यात असे वाटले. पण नियम सगळ्यांदेखतचा होता. म्हणून थांबलो. सगळे आल्यावर सांगितले: सोलापूर, दोन, त्यानंतर किती ते नक्की आठवत नाही, बेचाळीसपासून पुढच्या सगळ्या खोट्या.

कोणी हसले नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरे झाले असते. मी पुसत असताना मागे बूट वाजले. ते धावायला निघून गेले होते. फक्त बारक्या थांबला होता. त्याने कोळसा माझ्यापुढे धरला. त्याची पहिली रेघ आणि माझी पहिली रेघ एकाच दिवसाची आहे.

यानंतर एकदा मानसशास्त्राच्या तासाला सरांनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाचा अभ्यास सांगितला. १९७१ पासून २००३ पर्यंत बारा हजारांवर माणसांची नोंद ठेवली होती, आणि २००८ मध्ये त्यावरून असे दिसले की माणसे सिगारेट एकेकटी सोडत नाहीत, टोळक्याटोळक्याने सोडतात. एका मित्राने सोडली की दुसरा ओढत राहण्याची शक्यता छत्तीस टक्क्यांनी उतरते. वर्गात सगळे आकडे लिहून घेत होते. मी मात्र विचार करीत होतो की त्या मित्राने सोडल्याचे खोटेच सांगितले असेल तर हा आकडा काय होत असेल?

सरांनीच मला पुण्याच्या मुक्तांगणाविषयी वाचायला दिले. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केले. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसेच नव्याने आलेल्याला हात देतात. त्याच्याही आधी, १९३५ साली, अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' काढली आणि आजचा दिवस तेवढा काढू ही रीत जगभर पसरली. त्यांतल्या बिल विल्सन यांची अखेर वाचून मी पुस्तक मिटून बसलो. लाखो लोकांना दारूतून वर काढणारा हा माणूस तंबाखूपुढे हरला. फुफ्फुसे निकामी होऊन १९७१ साली वारला. दारूसाठी त्याला सोबती होते. धुरासाठी तशी भिंत त्याने आपल्याभोवती उभारली नसावी, असे मला वाटते. हे माझे मत आहे, पुस्तकात तसे लिहिलेले नाही.

माझे मत असे होण्याला कारण आण्णा आहेत. माझ्या नव्वद रेघा झाल्या, खऱ्या नव्वद, तेव्हा मी ओट्यावर त्यांना म्हणालो, "आण्णा, तुमीबी या की भिंतीपाशी." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमी पोरं पोरं हाव. माझ्या वारगीचं कोन ऱ्हायलंय आता?" शेकोटीपाशी बसणाऱ्या त्या चौघांपैकी दोघे वारले. एक पुण्याला लेकाकडे असतो. एकाशी बांधावरून बोलणे बंद आहे. ज्यांच्यासोबत धरली त्यांच्यासोबत सोडायची, तर ते सोबतीच उरले नव्हते. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत शंभरात सव्वीस-सत्तावीस मोठी माणसे तंबाखू घेताना आढळली. त्यांत आण्णांसारखे, शेकोटी विझल्यावरही तिथेच बसून राहिलेले किती असतील, हे मोजायची रीत त्या पाहणीत नसावी.

मेजर आता पाच मिनिटे आठ सेकंदांवर आला आहे. टेलरच्या मुलाने दोनदा पुसून तिसऱ्यांदा सुरुवात केली आहे. मास्तरांचा पुतण्या पुण्याला कामाला गेला. तो रोज पहाटे फोन करतो आणि त्याची रेघ आम्ही ओढतो. बारक्या माझ्या बरोबरीने आहे. माझी वेळ पाच मिनिटे एकावन्न सेकंद. पोलिसात मी लागेन असे वाटत नाही, पण पेशवे आता पानावरून पुढे सरकतात.

गेल्या महिन्यात आण्णा शेताकडे जाताना भिंतीपाशी थांबलेले मी लांबून पाहिले. मी जवळ गेल्यावर विचारले, "ह्यातल्या तुझ्या कंच्या?" मी दाखवल्या. त्यांनी बोट लावून मोजायला सुरुवात केली, मध्येच चुकले, पुन्हा मोजल्या. बोटाला लागलेला कोळसा धोतराला पुसला. "त्र्याण्णवपासून धरलं तर मला ही भिंत पुरायची न्हाई," म्हणाले आणि निघून गेले.

पूर्वी ते सकाळी चहाबरोबरच पहिली पेटवत. हल्ली ती पहिली बिडी भाकरी खाल्ल्यावर निघते, आणि पेटवून आणायला ते कोणाला सांगत नाहीत. स्वतःच काडी ओढतात, पाठ करून. मी मोजत नाही असे त्यांना वाटते.